अर्थिंगशिवाय एक संध्याकाळ

गिटारचा आवाज गिटारमधून येतो असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशी मी हल्ली वाद घालत नाही. पूर्वी घालायचे. इलेक्ट्रिक गिटार नुसती छेडून बघा, डासाच्या गुणगुणीएवढा आवाज येतो. जो आवाज ऐकून शेजारी कौन्सिलच्या नॉइज कंट्रोलला फोन करतात, तो अ‍ॅम्प नावाच्या जड खोक्यात तयार होतो. गिटार आणि अ‍ॅम्प यांच्या मध्ये, वाजवणाऱ्याच्या पायाशी, पत्र्याची छोटी छोटी डबडी असतात. पायाने दाबली की आवाज बदलतो, म्हणून त्यांना पेडल म्हणतात. ही डबडी आणि ते खोकं यांचं आपसात पटेनासं झालं की माणसं आमच्याकडे यायची. २०११ पासून आठ वर्षं मी ऑकलंडच्या दक्षिणेला, ओटाहुहुमध्ये, ही भांडणं सोडवली.

या अंकाच्या संपादकांनी मला 'परदेशातली मराठी उद्योजिका' असा विषय सुचवला होता. मी उद्योजिका नाही, पगारी कारागीर होते, आणि सांगण्यासारखं जे आहे त्यात मिरवण्यासारखं फार नाही. एक गोष्ट तर अशी आहे की आठवली की अजून तोंडाला कोरड पडते. तीच सांगायची म्हणून लिहायला बसले. पण ती कळायला यंत्रं थोडी कळावी लागतील, तेव्हा जरा धीर धरा.

नवऱ्याला इथे आयटीत नोकरी मिळाली आणि आम्ही पुणं सोडलं. माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा होता आणि भोसरीच्या एका कारखान्यात टेस्टिंगला काढलेली बारा वर्षं. इथे मला कुणी दारात उभं करेना. शेवटी एका वाद्यांच्या दुकानामागे ब्रायन नावाच्या म्हाताऱ्याचं अ‍ॅम्पदुरुस्तीचं वर्कशॉप सापडलं. त्याने माझे कागद बघितलेच नाहीत. एक बंद पडलेला अ‍ॅम्प पुढे ढकलला आणि म्हणाला, "काय झालंय ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत सांग." मी अकरा वाजता सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून मला ये म्हणाला. शुभांगी हे नाव त्याच्या जिभेला झेपेना, म्हणून त्याने आणि मग सगळ्या गिऱ्हाइकांनी मला 'शू' म्हणायला सुरुवात केली. मराठी कानाला ते कसं लागतं हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

गिटारवाल्यांचे जुने अ‍ॅम्प व्हॉल्व्हवर चालतात. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत लालसर उजळायच्या त्या काचेच्या नळ्या. साऱ्या जगाने त्या टाकून दिल्या, या मंडळींनी नाही. कारण असं की, झेपेल त्यापेक्षा जास्त आवाज आत ढकलला तर साधा ट्रान्झिस्टर एकदम किंचाळतो. व्हॉल्व्ह आधी कुरकुरतो, मग हळूहळू त्याचा घसा बसतो, आणि त्या बसलेल्या घशावर गिटारवाले जीव टाकतात. ही कुरकुर लवकर सुरू व्हावी म्हणून ते मध्ये पेडल लावतात. त्यातलं सगळ्यात आडमुठं पेडल म्हणजे फझ. चांगला सूर आत घ्यायचा आणि जाड कापड टराटरा फाडल्यासारखा करून बाहेर द्यायचा, एवढंच त्याचं काम.

व्हॉल्व्हला चारशे-चारशे व्होल्ट लागतात. अ‍ॅम्प बंद करून प्लग काढला तरी त्याच्या पोटातले कपॅसिटर ती वीज धरून बसलेले असतात. पहिल्या दिवशी ब्रायनने मला एकच नियम शिकवला. उघड्या अ‍ॅम्पमध्ये उजवा हात घालायचा तेव्हा डावा खिशात ठेवायचा, म्हणजे चुकून शॉक बसलाच तर तो एका हातातून दुसऱ्या हातात, छातीमधून जाणार नाही. माझ्या कुर्त्याला खिसा नव्हता. त्या शनिवारी मी सगळ्या कुर्त्यांना डावीकडे खिसे शिवले.

गिऱ्हाइकं एकेक नमुने होती. पापाकुराचा एक पोस्टमन आपला फझ चिली बिनमध्ये, म्हणजे लोक समुद्रावर जाताना बर्फ आणि बियर नेतात त्या पेटीत, घालून आणायचा. ब्रायनला वाटलं येडा आहे. पण त्याच्या फझमध्ये जुने जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर होते आणि ते उकाड्यात बिघडतात. हिवाळ्यात गोड वाजणारं पेडल जानेवारीच्या उन्हाळ्यात नुसतं थुंकतं. पोस्टमनने हे स्वतःच्या अनुभवाने शोधलं होतं. मी त्याला शास्त्र समजावलं तेव्हा त्याला इतका आनंद झाला की त्याने ते बायकोला फोनवर मला पुन्हा सांगायला लावलं.

दुसरा एक सामोअन गृहस्थ, चर्चमध्ये वाजवायचा. फझ कर्कश लागतो म्हणून त्याने दोन विकले होते आणि तिसरा घेऊन आला होता. पेडलात काही दोष नव्हता. गिटार सुरात लावायचं एक डबडं त्याने फझच्या आधी जोडलं होतं. या जातीच्या फझला गिटारचा हात थेट हातात लागतो, मध्ये तिसरं कुणी आलं की तो चिडतो. मी एक वायर इकडची तिकडे केली. पाच मिनिटं वाजवून तो म्हणाला, "म्हणजे माझे आधीचे दोन्ही बरोबर होते." पुढच्या आठवड्यात नारळाच्या दुधात शिजवलेल्या हिरव्या केळ्यांचं भांडं घेऊन आला.

समजावून सांगणं ही माझी खोड. ब्रायन मुकाट्याने दुरुस्ती करायचा, मी भाषणासकट करायचे. लोक 'शूला विचारा' म्हणायचे आणि मी फुगायचे. दुरुस्त झालेल्या प्रत्येक यंत्राच्या वायरीला विद्युत-सुरक्षा तपासल्याचं लेबल लागायचं, त्यावर ब्रायनची सही असायची. माझा स्वतःचा परवाना अजून व्हायचा होता. तिसऱ्या वर्षापर्यंत त्याचा माझ्यावर इतका विश्वास बसला होता की तो सह्या केलेली कोरी लेबलं माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून जायचा.

त्याच वर्षी, दिवाळीच्या आधी, माझी परवान्याची परीक्षा दोन महिन्यांवर असताना, मंदार आला.

मंदार नाशिकचा. विद्यार्थी म्हणून आला होता, पेट्रोल पंपावर रात्री काढल्या, आणि आता एका कोल्ड स्टोरेजच्या गोदामात सुपरवायझर होता. टाकानिनीत नवीन घर घेतलं होतं. बायको केतकी वृद्धांच्या केअर होममध्ये नर्स. आमच्या मराठी मंडळात हा मुलगा 'आवाज करणारा' म्हणून प्रसिद्ध होता. म्हणजे असं की, भावगीतांच्या कार्यक्रमात तो गिटार घेऊन उभा राहिला की पहिल्या रांगेतले काका कानाच्या मशीनचा आवाज कमी करायचे. यंदा दिवाळीच्या कार्यक्रमात त्याला तीन गाणी मिळाली होती आणि ती त्याने स्वतः रचली होती.

"ताई, नुसतं ऑन केलं तरी हीप्स हम येतोय," तो इथल्या बोलीत म्हणाला, म्हणजे ढीगभर. "फझ दाबला तर विचारूच नका. मधमाश्यांचं पोळं."

त्याचा अ‍ॅम्प पन्नास वर्षं जुना, एका घरच्या गराज सेलमध्ये, म्हणजे जुन्या सामानाच्या विक्रीत, मिळालेला. सोबत सुराचा प्रतिध्वनी काढणारं, टेपवर चालणारं इको मशीन, तेही जुनं, स्वतःच्या तीन पिनांच्या प्लगवर चालणारं. शहाणी माणसं फझ आधी आणि इको नंतर लावतात. याने उलटं लावलं होतं आणि त्याला तोच आवाज हवा होता. मी ऐकला. आवाज खरंच सुंदर होता. एका सुरामागे तोच सूर फाटत फाटत लांब जायचा. पण त्याच्याखाली सतत एक घुंऽऽ असा हम होता आणि फझ त्याला दसपट करत होता.

हमचं कारण मला ऐकताक्षणी कळलं. अ‍ॅम्पचं अर्थिंग भिंतीतून जमिनीत जातं, इकोचंही जातं, आणि दोघं गिटारच्या वायरीने एकमेकांना जोडलेले. जमिनीकडे जायच्या दोन वाटा झाल्या की त्यांचं एक कडं तयार होतं आणि विजेचा घुमारा त्यात फिरत बसतो. खात्री करायला माझी एक युक्ती होती. पुण्याहून येताना आणलेला अडॅप्टर. परदेशी गेलेल्या आपल्या प्रत्येकाच्या घरात तो असतो, कारण मिक्सर आपण तिकडूनच आणतो आणि इथल्या भिंतीत त्याच्या पिना जात नाहीत. त्यात कुठल्याही देशाचा प्लग बसतो, पण यातल्या स्वस्त अडॅप्टरांना अर्थिंग नसतं, तिसरं भोक नुसतं शोभेला. मी अ‍ॅम्पचा प्लग त्यात घालून भिंतीत लावला. हम गायब.

"बघ," मी म्हटलं. "एक वाट तोडली की कडं तुटलं."

मंदारने फझ दाबला. मागे पूर्ण शांतता आणि त्यातून तो फाटका सूर. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "ताई, तुम्ही जादूगार आहात."

मी लगेच अडॅप्टर काढला, एवढं मात्र खरं. ब्रायनला माझी ही युक्ती मुळीच आवडायची नाही. खरा उपाय होता आगपेटीएवढा एक ट्रान्सफॉर्मर, जो इको आणि अ‍ॅम्पच्या मधल्या वायरीत बसतो, कडं तोडतो आणि अर्थिंगला हात लावत नाही. तो क्राइस्टचर्चहून मागवला. मंगळवारी येणार होता. कार्यक्रम त्याच्या आधीच्या शनिवारी होता.

अर्थिंग कशासाठी असतं हे सांगून ठेवते. यंत्राच्या आत काही बिघडलं आणि वीज पत्र्याच्या सांगाड्यात उतरली, तर अर्थिंग तिला जमिनीत नेतं, फ्यूज उडतो, आणि माणसाला काही झाल्याचं कळतही नाही. गिटारच्या तारा त्याच सांगाड्याला जोडलेल्या असतात. म्हणजे गिटारवाला सदैव अ‍ॅम्पचा पत्रा हातात धरून उभा असतो. समोरच्या माइकचं अर्थिंग वेगळं, सभागृहाच्या साउंड सिस्टीममधून. तारांवर हात आणि माइकवर ओठ. हे मला पाठ होतं, मी ते गिऱ्हाइकांना चित्रं काढून समजावायचे.

शुक्रवारी चार वाजता मंदार सामान न्यायला आला. ब्रायन डेंटिस्टकडे दात दाखवायला गेला होता.

"इकोशिवाय वाजव उद्या," मी म्हटलं.

"इकोशिवाय त्या गाण्यात काय राहतं, ताई? मंडळात सगळे म्हणतात मंदार नुसता आवाज करतो. एकदा तरी नीट ऐकू दे त्यांना. एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे."

अडॅप्टर द्या असं तो म्हणाला नव्हता. त्याने नावही घेतलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर फार जणांनी मला विचारलं.

एखाद्या गोऱ्या गिऱ्हाइकाने असा हट्ट केला असता तर मी त्याला नियम ऐकवून बाहेर काढलं असतं. पण हा आपला, ताई म्हणणारा. मी अ‍ॅम्प दहा मिनिटं चालू ठेवला, मग बंद करून मीटरने सांगाड्यात वीज गळते का ते तपासलं. आकडा चांगला होता. मनात म्हटलं, घरी माझा मिक्सर तीन वर्षं अशाच अडॅप्टरवर चालतोय, कुणाला काय झालंय? ड्रॉवर उघडला. अडॅप्टर स्वतःच्या हाताने प्लगवर चढवला, आणि त्याच ड्रॉवरमधलं ब्रायनच्या सहीचं लेबल वायरीला लावलं.

"फक्त उद्या," मी म्हटलं. "सोमवारी परत आण."

"स्वीट अ‍ॅज, ताई." म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत 'एकदम झकास'.

पापाकुरातला हॉल जुना होता. गळती होताच वीज तोडणारं जे उपकरण आता नव्या घरांत असतं, ते त्या स्टेजवरच्या सॉकेटला नव्हतं. मी ते बघितलं नव्हतं, बघायला हवं होतं. दुपारी चारपासून साउंड चेकसाठी अ‍ॅम्प चालू होता. मंदारचं नाव आठच्या सुमारास पुकारलं. पहिली दोन गाणी त्याने नुसती वाजवली, माइकपासून लांब उभा राहून. हमचा मागमूस नव्हता. पहिल्या रांगेतल्या काकांनी कानाला हात लावला नाही. मी तिसऱ्या रांगेत होते. नवऱ्याला कोपर मारून म्हटलं, "ऐक, मागे काही आवाज येतोय का?" इतकी मी खूश होते.

तिसरं गाणं तो गाणार होता. एक ओळ वाजवून तो माइकपाशी आला, त्याचे ओठ जाळीला लागले आणि गाणं तिथेच तुटलं.

तो ओरडला नाही. सगळं अंग ताठ झालं, मान किंचित मागे गेली, डावा हात तारांवर आवळला गेला. स्पीकरमधून एक मोठी घरघर यायला लागली. लोकांना वाटलं हा त्याच्या संगीताचाच भाग आहे. दोन-तीन जणांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला आजही ऐकू येतात.

त्या हॉलमध्ये काय चाललंय हे समजणारी मी एकटी होते, आणि मी बसून राहिले. उठायचं आहे हे कळत होतं. 'त्याला हात लावू नका, स्विच बंद करा' हे शब्द तोंडात तयार होते. शॉक त्याला बसत होता आणि थिजले होते मी.

केतकी स्टेजच्या बाजूला पाण्याची बाटली धरून उभी होती. तिला व्हॉल्व्ह माहीत नव्हता की अर्थिंग. पण नर्सला पहिल्याच वर्षी शिकवतात ते तिने केलं. नवऱ्याकडे धावली नाही, भिंतीकडे धावली आणि होते तेवढे सगळे स्विच खटाखट बंद केले. घरघर थांबली. मंदार गिटारसकट खाली कोसळला.

श्वास चालू होता. त्या चार-पाच सेकंदांत त्याचा खांदा निखळला होता. ओठाचा कोपरा भाजला होता, आणि डाव्या हाताच्या चार बोटांवर तारांचे काळे वळ उठले होते, पट्टीने आखल्यासारखे सरळ. हृदयाचे ठोके चुकत होते म्हणून दोन रात्री हॉस्पिटलमध्ये ठेवणार होते.

रविवारी मी मुगाच्या खिचडीचा डबा घेऊन गेले. कॉरिडॉरमध्ये केतकी भेटली. डोळे सुजलेले, अंगावर कालचीच साडी. सांगायचं ठरवूनच गेले होते. मी तोंड उघडायच्या आत तिने माझे हात धरले.

"ताई, सॉरी," ती म्हणाली. "तुम्ही त्याला इतकं समजावून सांगितलं असणार. तरी ह्याने घरातला मिक्सरचा अडॅप्टर नेऊन लावला. सकाळी वीजसुरक्षेचे इन्स्पेक्टर आले होते, त्यांना त्यानेच सांगितलं. तुमच्या दुकानाचं नाव खराब होईल याची मला फार लाज वाटतेय."

हा माणूस तिथे आत छातीला वायरी लावून पडलेला, आणि शुद्धीवर आल्यावर त्याने पहिलं काम काय केलं, तर मला वाचवलं. आणि त्याची बायको माझी माफी मागत होती. आता खोटं बोलायचीही गरज नव्हती, नुसतं गप्प राहिलं की झालं. मी गप्प राहिले. डबा तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "गरम आहे तोवर खाऊन घे." कार पार्कमध्ये गाडीत जाऊन बसले. स्वतःबद्दल इतका धक्का मला आधी कधी बसला नव्हता आणि नंतरही नाही.

सोमवारी अ‍ॅम्प बेंचवर होता, शेजारी इको. इन्स्पेक्टरने ब्रायनला बोलावून घेतलं होतं आणि दोघांनी मिळून तो उघडला होता. ब्रायनने तो तीन तास चालू ठेवला आणि मग बंद करून मीटर लावलं. इन्सुलेशन वीज किती अडवतं तो आकडा माझ्यासमोर खाली, खाली आणि जवळजवळ शून्यावर आला. आतल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरचं पन्नास वर्षांचं इन्सुलेशन तापलं की पार गळत होतं, आणि इकोच्या बाजूने उरलेली अर्थिंगची जुनी, बारीक तार त्या विजेने जळून तुटली होती.

"गार असताना उत्तम," ब्रायन म्हणाला. "तू किती वेळ तापवलास?"

"दहा मिनिटं."

त्याने मान डोलावली. "अर्थिंग असतं तर फ्यूज उडाला असता, आणि तो पोरगा शिव्या देत घरी गेला असता. असो. त्याने सांगितलंय की अडॅप्टर त्याच्या घरचा होता. त्यामुळे आपण सुटलो, शू."

आपण, म्हणाला. चाळीस-पंचेचाळीस वर्षं या बेंचवर काढलेला माणूस, आणि त्याच्या आवाजात सुटकेचा कंप होता. परीक्षा, नोकरी, ऑकलंडमध्ये पुन्हा कुणी दारात उभं न करणं, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. खरं सांगते, मी मोठ्या मनाने काही केलं नाही. मला ते आता गिळून बसवेना, एवढंच.

"अडॅप्टर माझ्या ड्रॉवरमधला आहे," मी म्हटलं. "मी लावला."

ब्रायनने मीटर खाली ठेवलं.

"आणि लेबल?"

"तुमचं."

तो मागच्या अंगणात गेला आणि वीस मिनिटं तिथेच उभा राहिला. आत आला तो सरळ फोनकडे, आणि इन्स्पेक्टरला सगळं स्वतः सांगितलं, कोऱ्या लेबलांवर तो सह्या करून ठेवायचा हेही. मग ड्रॉवर उघडून उरलेली लेबलं मोजून त्याने खिशात घातली. मला वाटलं हाकलेल. म्हणाला, "उद्यापासून नऊ व्होल्टच्या वर काही शिवायचं नाहीस."

संध्याकाळी टाकानिनीला गेले. मंदारला घरी सोडलं होतं. हात गळ्यात बांधून सोफ्यावर पडला होता. मी दारातच उभ्या उभ्या केतकीला सांगितलं.

"कशाला ताई," मंदार सोफ्यावरून म्हणाला. "झालं ते झालं होतं."

केतकीने एकदा त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हणजे काल मी तुमची माफी मागितली," ती सावकाश म्हणाली, "आणि तुम्ही ती ऐकून घेतलीत."

ती आत गेली आणि माझा डबा घेऊन आली. स्वच्छ घासलेला. शेजारणीचा डबा आपण कधी रिकामा देत नाही, काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालतो. तो डबा हातात घेताच हलका लागला. तिने दार लावून घेतलं.

ब्रायनला लेखी ताकीद मिळाली, मला मिळाली, आणि माझी परीक्षा वर्षभर पुढे गेली. पहिले सहा महिने मी फक्त पेडलं दुरुस्त केली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत फझ, नऊ व्होल्टची बॅटरी, जी जिभेला लावली तरी नुसती गुदगुल्या करते. कबूल करायला हवं की फझ मला खरा कळला तो त्या सहा महिन्यांत. गिऱ्हाइकांना भाषण देणं मात्र आपोआप बंद झालं. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घडलेलं मी स्वतः लिहिलं आणि आपापले अडॅप्टर फेकून द्या असंही. काही जणांनी मिक्सर आणून दिले, ब्रायनने त्यांना इथले प्लग बसवून दिले. काही जणांनी माझ्याशी बोलणं सोडलं, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

मंदारचा अ‍ॅम्प आणि इको आमच्याकडेच राहिले. ब्रायनने अ‍ॅम्पला नवीन ट्रान्सफॉर्मर बसवला, इकोचं अर्थिंग नवं केलं. न्यायला कुणी आलं नाही.

पुढच्या वर्षी, माझी परीक्षा झाल्यावर, एका शनिवारी दुपारी दोघं गिटार आणि फझ घेऊन आली. फोन न करता. मंदारची बोटं बरी झाली होती, वळ फिकट होऊन गुलाबी झाले होते. केतकी माझ्याशी बोलली नाही. तिने दुकानभर नजर फिरवली, भिंतीवरचे सॉकेट बघितले.

योगायोगाने तो अ‍ॅम्प सकाळपासून चालू होता, कारण मी दर महिन्याला तो एकदा दिवसभर तापवून तपासायचे. मी दोघांच्या समोर पुन्हा तपासला. सांगाडा आणि अर्थिंग, तारा आणि दुकानातला माइक. आगपेटीएवढा तो ट्रान्सफॉर्मर मधल्या वायरीत बसवलेला होता. हम नव्हता.

मंदारने गिटार गळ्यात अडकवली. फझ दाबला, इको लावला, आणि तो लांब जाणारा फाटका सूर पुन्हा ऐकू आला. तो छान वाजवत होता. पण माइक समोर होता आणि तो त्याच्यापासून हातभर मागे उभा होता. एकदा पुढे झाला, थांबला, मागे आला.

"नुसतं वाजवतो," तो हसून म्हणाला. "गाणं काय, कुणीही गाईल."

केतकीने त्याच्या गळ्यातली गिटार काढली आणि माझ्यापुढे धरली.

"आधी तुम्ही," ती म्हणाली.

मी पट्टा गळ्यात घातला. डाव्या हाताने तारा धरल्या. तारा आणि माइक यांच्यात मीटर शून्य व्होल्ट दाखवत होतं, आकडे मी स्वतः घेतले होते, काही होणार नाही हे मला शंभर टक्के ठाऊक होतं. तरी माइकपासून चार बोटांवर माझं तोंड थांबलं आणि पुढे जाईना. त्या शुक्रवारी मी हसत हसत या मुलाच्या हातात काय ठेवलं होतं, ते मला तिथे उभं राहून कळलं. एक वर्ष मी त्याबद्दल फक्त विचार केला होता. डोळे मिटले आणि ओठ टेकवले. जाळी गार होती.

काही झालं नाही.

"परत एकदा," केतकी म्हणाली.

मी परत टेकवले. मग तिने गिटार माझ्याकडून घेतली, मंदारच्या गळ्यात घातली, आणि स्वतः भिंतीपाशी जाऊन स्विचवर हात ठेवून उभी राहिली.

"म्हण आता," ती त्याला म्हणाली.